थेंबही पडला नाही!

"तीस वर्षं लोकांच्या दाढा उपटतोय मी! एक रबरी सील बदलता येणार नाही मला?"

डॉक्टर हे जेवताना म्हणाले, आणि तिथेच सगळ्याचं वाटोळं झालं. डॉक्टर दातांचे. दवाखाना खाली, घर वर, आणि दवाखान्याच्या दारात त्यांचा रणगाडा. म्हणजे डोंगरदऱ्यांत चालणारी ती जुनी, पुरुषभर उंच चाकांची गाडी. दगडधोंडे, नाले, चिखल, काही म्हणून तिला अडवत नसे. फक्त तिच्या पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स जुन्या सीलपाशी गळायचा. ज्याच्या जोरावर ती अगडबंब चाकं एका बोटानं वळायची, ते तेल थेंब थेंब फरशीवर यायचं.

परवा त्या तेलावरून एक पेशंट घसरला. आला होता एका दाढेसाठी, गेला दोन तुटक्या दातांसकट! तेव्हा बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "अहो, या फरशीवर आता एक थेंब जरी पडला ना, तर रविवारी माझा दादा गिऱ्हाईक घेऊन येतोय. हे धूड जाणार म्हणजे जाणार!"

सासऱ्यांचा तर चेहराच उतरला. ते लेकीकडेच राहायचे, आणि जावयाशेजारी पुढच्या सीटवर बसून डोंगर चढणं हे त्यांच्या म्हातारपणाचं एकमेव सुख होतं.

"आणि ऐका," डॉक्टर सगळ्यांना दरडावून म्हणाले, "स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल कमी झालं तर पंप जळतो. पंप जळला की गाडीचे तीनतेरा वाजले!"

सगळ्यांनी ऐकलं. नको इतकं नीट ऐकलं.

डॉक्टर गाडीखाली शिरले. दवाखान्यातला डोक्याला बांधायचा दिवा लावला, आरसा घेतला, चिमटा घेतला. बॉक्स सुटता सुटेना. शिव्या देऊन, लाथा घालून एकदाचा निघाला. जुनं सील काढलं, नवं बसवलं, तेल भरलं. कोपरापर्यंत काळे झालेले डॉक्टर वर येऊन म्हणाले, "झालं! आता थेंब पडला तर नाव बदलीन!"

दुसऱ्या दिवशी फरशीवर थेंब. एक नाही, चांगलं थारोळं!

डॉक्टरांनी ते बायकोला दिसायच्या आत स्वतःच्या पांढऱ्या कोटानं पुसलं आणि तडक सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"सील म्हणून काय विकता हो? पोळपाटाची चकती?"

"अस्सल माल आहे, डॉक्टर. बसवणाऱ्याच्या हाताचाही..."

"माझ्या हाताला नावं ठेवता? याच हातानं तुमची अक्कलदाढ काढलीय!"

"हो ना," दुकानदार गालावर हात ठेवून म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय."

डॉक्टर संतापानं लाल! पुन्हा बॉक्स काढला, पुन्हा सील बदललं. पुन्हा थारोळं! आता त्यांना जगात कुणाचाच भरवसा वाटेना. सील करणारे चोर, विकणारे चोर, गाडी बनवणारे तर दरोडेखोर! शनिवारी दुपारी त्यांनी सगळं तेल काढून टाकलं, बॉक्स तिसऱ्यांदा खोलला, तपासला, पुन्हा बसवला. सीलमध्ये खोट निघेना. घाम पुसत ते गाडीखाली तसेच पडून राहिले.

तेवढ्यात दोन पाय आले. ओळखीच्या चपला. बॉनेट उघडण्याचा आवाज.

"बाबा! काय करताय?"

सासरे दचकले. हातात तेलाचा डबा. "काही नाही, जावईबापू. रोजच्यासारखं थोडंसं घालत होतो. तुम्हीच म्हणालात ना, कमी झालं तर पंप जळतो?"

"रोजच्यासारखं?"

डॉक्टरांनी त्यांच्या हातातला डबा हिसकावला आणि सगळ्या घराला खाली बोलावलं. डॉक्टरांच्या आईनं लगेच कबूल केलं, "अरे, पहाटे फुलझाडांना पाणी घालते, तेव्हा तिलाही घालते घोटभर. तुझा जीव आहे ना तिच्यात!"

मग सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "विकायची म्हणाले खरी. पण तुमचं तोंड बघवेना हो. मीही घातलं."

म्हणजे तेल नव्या सीलमधून गळतच नव्हतं! भरलेल्या टाकीवर सगळं घर तेल ओतत होतं, आणि ते झाकणातून उतू जाऊन नळीवरून ओघळत बॉक्सच्या बुडाशी ठिबकत होतं.

"आणि तुम्ही स्वतः?" बायकोनं विचारलं.

"मी... सकाळी जरासं. पण मी मालक आहे!" डॉक्टर ओरडले. "शपथ घ्या! आता त्या टाकीला कुणी बोटही लावायचं नाही!"

सगळ्यांनी शपथ घेतली.

रविवारी मेहुणा गिऱ्हाईक घेऊन आला. बायकोनं गाडीखाली रात्रभर अंथरलेला पांढरा कागद ओढून काढला. कोरा करकरीत! एक थेंबही नाही!

"दादा, गाडी विकायची नाही," ती म्हणाली. सासरे टुणकन पुढच्या सीटवर चढले.

डॉक्टरांनी ऐटीत गाडी सुरू केली. पंप असा किंचाळला की शेजारी गच्चीवर आले! फाटकापाशी उजवीकडे वळायचं होतं. डॉक्टर स्टिअरिंगच्या चाकाला लोंबकळले, सासरे लोंबकळले. गाडी ढिम्म वळेना! ती नाकासमोर गेली, दवाखान्याची पाटी आडवी केली आणि तिच्यावर चाक ठेवून थांबली.

"दाजी," मेहुण्यानं खिडकीशी येऊन विचारलं, "तेल घातलंय का?"

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"आम्ही शपथ घेतली होती, जावईबापू!"

काल काढून टाकलेलं तेल परत भरलंच नव्हतं. इतके दिवस घरातला प्रत्येक जण भरत होता, आणि नेमकं गरज होती तेव्हा एकानंही भरलं नाही!

डॉक्टर खाली उतरले. पाटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. छाती काढून म्हणाले, "अट थेंबाची होती! दाखवा, कुठे आहे थेंब?"

कुणालाच दाखवता आला नाही. म्हणून रणगाडा राहिला. तेलाचा डबा मात्र आता बायकोच्या कपाटात कुलपात असतो, आणि तीस वर्षं दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांना घोटभर तेलासाठी तिच्यासमोर तोंड उघडावं लागतं.