घाऊक औषधांचे गुरप्पाअण्णा

स्वतःच्या दुकानातलं औषध स्वतःलाच द्यायला नकार देणारा व्यापारी मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे गुरप्पाअण्णा.

मी त्यांच्याकडे कामाला लागलो त्याच उन्हाळ्यात अण्णांना जुलाब सुरू झाले. त्यांच्या पाठीमागच्या फळीवरच पोटाच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. औषधात थोडी अफू असे, आणि गुण हमखास येई. मी एक बाटली काढून पुढं केली. अण्णांनी एका हातानं पोट धरलं आणि दुसऱ्यानं मला थांबवलं.

"रायटर, आपलं लायसन कशाचं हाय?"

"घाऊक विक्रीचं."

"मग मी घाऊक हाय का?"

मी त्यांच्या देहाकडे पाहिलं. हो म्हणावंसं वाटत होतं, पण नोकरी नवी होती.

अण्णा तसेच उठले, डॉक्टरकडे जाऊन चिठ्ठी घेतली आणि तिथून चालत मधल्या मारुतीजवळच्या किरकोळ औषधवाल्याकडे गेले. त्याच सकाळी आम्ही त्याला घातलेल्या मालातली एक बाटली त्यांनी त्याचा नफा देऊन विकत घेतली. वाटेत ओळखीच्या दोन घरी घाईनं थांबावं लागलं म्हणे. पण परत आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. "आता कायद्यात बसलं," असं म्हणाले आणि मग स्वतः बसले.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. अण्णांचं दुकान मंगळवार पेठेत होतं. मुंबईहून रेल्वेनं इंग्रजी औषधांच्या पेट्या यायच्या आणि आमच्याकडून त्या वेळापूरपासून मैंदर्गीपर्यंतच्या डॉक्टरांकडे आणि दुकानदारांकडे जायच्या. मी मॅट्रिक झालेला असल्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. अण्णा मला नावानं हाक मारत नसत. मी म्हणजे 'रायटर'.

अफू, मॉर्फिया, कोकेन यांच्यावर सरकारनं नुकताच नवा कायदा आणला होता. बाकीच्या व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला. अण्णांना मात्र बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्या मनातलं बोलल्यासारखं वाटलं. जेवण झालं की ते मला कायदा वाचायला बसवत. मी एकेक कलम इंग्रजीत वाचायचं आणि मराठीत सांगायचं. एखादं कलम आवडलं की अण्णा डोळे मिटून म्हणत, "परत वाचा की." सरकारनं जिथं एक कुलूप सांगितलं होतं तिथं अण्णांनी दोन लावली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सरकारला येवढ्या लांबून काय दिसतंय? आपण हितं हाय की."

ही दोन कुलपं विषाच्या कपाटाला होती. कपाटावर 'विष' हा शब्द मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत लिहिलेला. तरी ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय, या काळजीनं अण्णांनी एका पेंटरला बोलावून कवटी काढायला सांगितली. पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारा होता. त्यानं काढलेल्या कवटीच्या चेहऱ्यावर छान हसू आलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर बोलावतोय. ह्येला रडवा." पेंटरनं डोळ्यांच्या खोबणीतून दोन ठसठशीत आसवं ओघळवली. दुसऱ्या दिवशी वळसंगहून नवऱ्याबरोबर आलेल्या एका बाईनं कपाटापुढे चप्पल काढून हात जोडले. अण्णांनी ताबडतोब कवटी पुसायला लावली.

अबकारी खात्याचे इन्स्पेक्टर वर्षातून एकदा दुकान तपासायला येत. अण्णांचा तो सणच. पांढराशुभ्र पटका, कपाळाला ताजी विभूती, तराजू घासून ठेवलेला. साहेबांची तयारी खुर्चीत बसून सही करण्याची असे. अण्णांची तयारी कपाट रिकामं करून प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर जोखण्याची असे.

"सगळं ठीक आहे," साहेब म्हणत.

"न बघता कसं ठीक हाय म्हणता, साहेब?"

असं तीन वर्षं झाल्यावर साहेबांनी आमच्या पेठेतून जाणंच सोडलं. मग गड्ड्याच्या जत्रेत अण्णांना ते बायकामुलांसह दिसले. अण्णा गर्दीतून वाट काढत गेले. "साहेब, आमच्याकडं यायचं ऱ्हायलंय की." साहेब समोरच्या पाळण्यात चढले. अण्णा खाली उभे राहिले. पाळणा थांबला की साहेब वरूनच पाळणेवाल्याला खूण करायचे आणि पुन्हा फिरायचे. शेवटी साहेबांना घेरी आली, तेव्हा अण्णांनीच त्यांना हाताला धरून उतरवलं आणि लिंबू सरबत पाजलं. तपासणी पुढच्याच आठवड्यात झाली.

अण्णांची बायको फार वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या वरच्या खोल्यांत ते एकटे राहत आणि स्वतःची भाकरी स्वतः थापत. गप्पा मारायला कुणी येत नसे, कारण आलेल्याला ते कायदा ऐकवत.

कायद्याला पुरून उरणारा एकच माणूस होता. मैंदर्गीचे दामोदरपंत डॉक्टर. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. भांडण सगळं टपालातून. डॉक्टरांची मागणी यायची आणि काहीतरी खोट काढून अण्णा ती परत पाठवायचे. एकदा तर सही ओळीच्या बाहेर गेली एवढ्यावरून. त्यावर डॉक्टरांचं पत्र आलं. 'तुमच्याकडून औषध येईपर्यंत आमचे रोगी आपोआप बरे होतात, याबद्दल आभारी आहे.'

मी ते वाचून दाखवलं. अण्णा खूश झाले.

"आभार मानलेत बघा."

"अण्णा, ही थट्टा आहे."

"असंल. पण लिहून मानलेत की."

एका पावसाळ्यात डॉक्टरांच्या मागण्या बदलल्या. टोमणे बंद झाले. आयोडीन नाही, क्विनाईन नाही, फक्त पाण्यात विरघळवून टोचायच्या मॉर्फियाच्या गोळ्या, आणि त्या दर वेळी जास्त. मागणी नियमाप्रमाणे होती, परवाना चालू होता, सहीसुद्धा ओळीवर होती. मी पार्सल बांधायला घेतलं. अण्णांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला.

"हिवतापाच्या दिवसांत क्विनाईन मागवत न्हाय. म्हंजे गावाला ताप न्हाय, आन् गावाला नुसतं दुखतंय? हे काय बसत न्हाय, रायटर."

"कागद तर बरोबर आहे."

"कागद बरोबर हाय. माणूस बरोबर हाय का बघाया पायजे."

"ते काम इन्स्पेक्टरांचं आहे, अण्णा."

"ते येतील तवा येतील. माल आपल्या हातनं जातोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कलकोटच्या सर्व्हिस मोटारीत बसलो. गोळ्यांचं पार्सल अण्णांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. सगळं कायद्यात बसलं तर हातोहात देऊन टाकायचं, नाही तर परत आणायचं. मोटार खच्चून भरलेली. शेजारच्या माणसानं सहज विचारलं, "काय आहे त्यात?" अण्णांना खोटं बोलता येत नव्हतं. "विष हाय," ते म्हणाले. अक्कलकोटपर्यंत आम्ही दोघं पाय पसरून गेलो.

तिथून टांग्यानं मैंदर्गी. बाजाराच्या कडेला दवाखाना होता. रोग्यांच्या बाकावर धुळीचा थर. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. सदऱ्यात माणूस आहे की नाही, असं वाटावं इतका वाळलेला.

"कोण?" तो मान न वळवता म्हणाला.

"सोलापूरचा गुरप्पा."

"घाऊक औषधवाले?"

"व्हय."

डॉक्टर सावकाश या कुशीवर वळले. चेहरा घामानं भिजला होता, पण डोळे तल्लख. "सही चुकली का पुन्हा?"

अण्णांनी खोलीभर पाहिलं. "रोगी कुटं हाईत?"

"एकच आहे. तुमच्यासमोर पडलाय. पोटात गाठ आहे. निदान मीच केलंय, इलाज नाही हेही मीच ठरवलंय. मॉर्फिया टोचून घेतो म्हणून तासभर माणसासारखा पडू शकतो. आणलंय का?"

अण्णा स्टुलावर बसले. पार्सल मांडीवरच होतं.

"दवाखाना किती दिवस बंद हाय?"

"उन्हाळ्यापासून. पण परवाना चालू आहे, गुरप्पा. मी डॉक्टर, मी मागवलं, तुम्ही द्यायचं. तुमच्या लाडक्या कायद्यात बसतं."

बाहेर कुणीतरी कानडीत बैलाला शिव्या देत होतं. अण्णांच्या पटक्याखालून घाम ओघळत होता, आणि त्यांचा अंगठा पार्सलाच्या सुतळीवरून पुढं-मागं फिरत होता.

"न्हाय बसत," ते म्हणाले. "तुमी रोगी बघत न्हाय. म्हंजे तुमी आता डॉक्टर न्हाय, रोगी हाय. डॉक्टरला मी माल दीन. रोग्याला घाऊकवाल्यानं द्याचं न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अण्णा, माणूस तळमळतोय."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "राहू द्या हो. मी नियमाप्रमाणे ओरडत मरेन."

"ओरडत कशाला?" अण्णा म्हणाले. "रोग्याला डॉक्टर लागतो. तो हितं न्हाय, सोलापुरात हाय. चला."

"कुठे?"

"माझ्या घरी."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "मी ब्राह्मण, तुम्ही लिंगायत. लोक काय म्हणतील?"

"त्येच्यावर कायदा न्हाय," अण्णा म्हणाले आणि उठून अंथरूण गुंडाळायला लागले.

डॉक्टरांजवळ थोड्या गोळ्या उरल्या होत्या, त्यावर प्रवास निभावला. अक्कलकोटपर्यंत बैलगाडीत गवत घालून नेलं, पुढं अख्खी मोटार ठरवली. सगळ्या रस्त्यानं अण्णांनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. पार्सल माझ्याकडे दिलं होतं, आणि दर खड्ड्याला ते दोन्हींची चौकशी करत होते.

दुकानावरच्या समोरच्या खोलीत खाट पडली. आमच्या गल्लीतले डॉक्टर रोज येऊन टोचून जात. चिठ्ठी घेऊन अण्णा स्वतः मधल्या मारुतीला जात. खाली कपाटभर औषध, आणि वरच्या माणसासाठी मालक उन्हातून चालत निघालेला. पेठेतले लोक हसत. अण्णांना ते ऐकू येत नसावं, कारण त्यांना परत यायची घाई असे.

जेवणानंतर कायदा वाचायला मला वर बोलावणं येऊ लागलं. डॉक्टर पडल्यापडल्या कलमांत भोकं पाडायचे आणि अण्णा ती बुजवायचे.

"गुरप्पा, हा कायदा लिहिणाऱ्याच्या पोटात कधी दुखलेलं नसावं."

"दुखलं असतं तर कायद्यात ढिलाई केली असती त्येनं. बरं झालं."

डॉक्टर हसायचे. हसताना कळ यायची, तरी हसायचे. अण्णा ज्वारीची आंबील वस्त्रगाळ करून चमच्यानं भरवत. डॉक्टर म्हणत मीठ कमी आहे, अण्णा म्हणत तोंडाला चव नाही, आणि यावर चांगला अर्धा तास जाई. एकदा मी कागदांवर सही घ्यायला जिना चढत होतो तर आतून अण्णांचा आवाज आला. कानडीत, अगदी खालच्या पट्टीत, लहान मुलाला थोपटताना बोलावं तसा. अण्णांना इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी सही न घेताच खाली आलो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी डॉक्टर गेले. पुण्याच्या पुतण्याला तार केली होती, तो वेळेवर पोचू शकला नाही. पेठेतल्या चार ब्राह्मणांनी येऊन सगळं केलं. अण्णा थोडे मागून, अनवाणी चालत होते. त्याआधी त्यांनी उरलेलं औषध गल्लीतल्या डॉक्टरांच्या हवाली करून पोच घेतली होती. ते पाहून कुणीतरी हळूच हसलंही.

दुसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला आम्ही म्युनिसिपालटीत गेलो. कारकुनानं नाव, वय, रोग विचारला. अण्णा नीट, सावकाश सांगत होते. मग त्यानं विचारलं, "मयत तुमचे कोण?"

'घरमालक म्हणून लिहा,' असं सांगायला मी तोंड उघडलं.

"भाऊ," अण्णा म्हणाले.

कारकुनानं वर पाहिलं. आधी अण्णांच्या कपाळावरच्या विभूतीकडे, मग लिहिलेल्या नावाकडे. "सख्खे?"

"व्हय. थोरले."

त्यानं पुन्हा एकदा अण्णांकडे पाहिलं आणि टाक दौतीत बुडवून लिहिलं.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. अण्णा मधेच थांबले. पटका सारखा केला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रायटर, सरकारी कागदावर खोटं सांगितलं तर शिक्षा काय हाय?"

"बघावं लागेल, अण्णा."

"बघून ठेवा," ते म्हणाले. "आसंल ती भोगू की."

आणि पायऱ्या उतरून चालायला लागले.