दिनूकाका पाहुणे होतात

आमचे दिनूकाका रोज सकाळी सात वाजता लाटण्याशी गप्पा मारायचे. तांब्यात तांदूळ भरायचे, त्यात लाटणं उभं खुपसायचं, तांब्या चौरंगावर ठेवायचा आणि समोर मांडी घालून, लाटण्यापासून बरोबर एक वीत अंतर राखून सुरू व्हायचं. "नमस्कार. मला बोलावलंत, आनंद झाला." मग मान तिरकी करून ऐकायचं, लाटण्याने काहीतरी मार्मिक विचारल्यासारखं हसायचं आणि सावकाश उत्तर द्यायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दुधाचं पातेलं घेऊन जिन्यातच थबकले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, काकू गेल्यापासून एकटा, त्यात बनारसचा मे महिना. डोक्यावर परिणाम झाला म्हणायला एवढं पुरे होतं.

"डरू नकोस," काका म्हणाले. "हा माइक आहे. मी मेहमान आहे. तैयारी चालू आहे."

मी बँकेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून इथे बदली झाली आणि दूधविनायकच्या गल्लीत काकांच्या माडीवर भाड्याने राहायला आले. काकांचं पूर्ण नाव दिनकरशास्त्री. जन्म काशीतला, वडिलांचाही काशीतलाच. महाराष्ट्रातून धर्मकृत्यांसाठी येणारी मंडळी त्यांच्याकडे उतरतात. काका त्यांना मणिकर्णिकेवर नेतात, विधी सांगतात, परत आणून पिठलं-भात वाढतात. पन्नास वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या लेखी मानवजातीचे दोनच प्रकार आहेत, चांगले पाहुणे आणि वाईट पाहुणे. घाटावर उभं राहून 'आमच्या नाशिकला असं नसतं' म्हणणारा वाईट. न्हाणीघरात शिरला की बाहेर न येणारा वाईट. आणि विचारलं एक तर सांगतो तिसरंच, तो सगळ्यात वाईट.

आणि या माणसाने आता स्वतःच पाहुणा व्हायचं ठरवलं होतं. तेही पॉडकास्टवर!

पॉडकास्ट होता पुण्याच्या सायली नावाच्या मुलीचा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांशी ती तास-तास बोलते आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता ते ऐकायला मिळतं. काकांचा फोन बटणांचा. तो वाजतो आणि कधीकधी उचलला जातो, एवढंच त्याचं कर्तृत्व. मग यांना सायली कुठे भेटली?

"भिंतीतून," काका म्हणाले.

भिंतीपलीकडे मधूकाका राहतात. काकांचे सख्खे धाकटे भाऊ. घर एकच, मधोमध भिंत, दारं दोन. मधूकाकांची नजर जवळजवळ गेली आहे. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर मोबाइल मोठ्याने लावून ऐकत बसतात. आणि नऊ वर्षं झाली, दोघा भावांत एका शब्दाचं बोलणं नाही.

भांडण कशावरून, ते मला काकांनीच सांगितलं, कुकरला शिटी येईपर्यंत, एका दमात. वेद म्हणणाऱ्यांत एक रीत आहे. म्हणताना कुणी चुकलं, की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवायचं. लहान-मोठं बघायचं नाही. चूक पुढे जाऊ द्यायची नाही. दोघे भाऊ वडिलांपुढे बसून असंच शिकले, एकमेकांना हजार वेळा थांबवत. नऊ वर्षांपूर्वी वडिलांच्या श्राद्धाला मधूकाकांची एक ओळ गळली. काकांनी थांबवलं, तिथवर ठीक होतं. पण काका तिथे थांबले नाहीत. सगळ्या ब्रह्मवृंदासमोर, आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "याचं पाठांतर संपलं. याला पुढे बसवत जाऊ नका." मधूकाका पानावरून उठून गेले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांचं सांगितलं होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मला नंतर कळलं," काका म्हणाले. "मग मी श्रीखंड पाठवलं. वापस आलं. माणसं पाठवली. वापस आली. स्वतः गेलो दारात. त्याने मोबाइलचा आवाज वाढवला."

"मग?"

"मग काय! मधू माझं ऐकत नाही. त्या मुलीचं ऐकतो. मतलब मला तिच्याकडे गेलं पाहिजे."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

ठरलं म्हणजे ठरलं. माझ्या लॅपटॉपवर सायलीला पत्रं जाऊ लागली. काका सांगायचे, मी टंकायची. पहिल्या पत्राची सुरुवात 'चिरंजीव सौभाग्यवती सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद' अशी. मी म्हटलं, "काका, तिचं लग्न झालंय का माहीत नाही." काका म्हणाले, "नसलं तर होईल. राहू दे." उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. मी म्हटलं, जाऊ द्या. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते न्हाणीतून न निघणाऱ्याकडे बघत असावेत. पाचव्या पत्राला उत्तर आलं. सायलीला काका हवे होते.

तेव्हापासून घरात पॉडकास्टचं व्रत सुरू झालं. माझ्या फोनवर त्यांनी यशस्वी पाहुणा कसं व्हावं याचे जेवढे व्हिडिओ सापडले तेवढे पाहिले आणि सगळे नापास केले. "या लोकांनी कधी कुणाला घरी जेवायला घातलेलं नाही," हा शेरा. मग स्वतःचे नियम केले. यजमानाचे आधीचे सगळे भाग ऐकायचे, कारण ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरात काय शिजतं ते माहीत पाहिजे. यजमान बोलत असताना तोंड उघडायचं नाही. 'मी आधी म्हटल्याप्रमाणे' म्हणायचं नाही; आधी म्हटलंय तर परत कशाला? घशासाठी दही बंद. आणि पान बंद! बनारसच्या माणसाने पान सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. कोपऱ्यावरचा पानवाला तिसऱ्या दिवशी घरी तबियत विचारायला आला.

उत्तर किती लांब असावं, यावर काकांनी बराच विचार केला. शेवटी कुकर लावला. पहिल्या शिटीला उत्तर सुरू, दुसरीच्या आत संपलं पाहिजे. दोन आठवडे आमच्याकडे वरण-भाताचा लगदा होत होता, पण काकांची उत्तरं आटोपशीर झाली. मी लाटण्याच्या वतीने प्रश्न विचारायचे.

"काका, काशीत राहून मराठी कशी टिकवली?"

"टिकवायला काय, लोणचं आहे का? घरात बोलतो. बस!"

"हे फारच छोटं झालं."

"शिटी कुठे झाली अजून? थांब, वाढवतो."

एकच खोड जात नव्हती. आयुष्यभर दारात आलेल्याला त्यांनी गाव विचारलं, गोत्र विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं. उत्तर देण्याची सवयच नाही. लाटण्यालासुद्धा ते मूळ गाव विचारून बसले. मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'विचारू नका. सांगा.'

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. सायली पुण्यात, आम्ही काकांच्या मधल्या खोलीत, मध्ये माझा लॅपटॉप. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चार रजया लावल्या, पंखा घरघरतो म्हणून बंद केला. काकांनी गल्लीत फिरून सगळ्यांना तासभर गप्प राहण्याचं फर्मान काढलं होतं. लस्सीवाल्याने घुसळण थांबवली. फक्त गल्लीतल्या सांडाला कुणी काही सांगू शकलं नाही. काका घामाने निथळत ताठ बसले होते.

"काका, तुमच्याबद्दल सांगा ना," सायलीने गोड आवाजात सुरुवात केली.

"सांगतो. तुमचं मूळ गाव कोणतं?"

मी पुठ्ठा वर केला. काकांनी तो वाचला, मान डोलवली आणि सायलीला पणजोबांचं नाव विचारलं. पाच मिनिटांत ती स्वतःच्या आजीबद्दल सांगत होती, दहाव्या मिनिटाला नाक ओढत होती. मी पुठ्ठा इतक्या जोराने हलवला की त्याचा वारा काकांना बरा वाटला असावा. पण मग गाडी रुळावर आली. काका छान बोलले. शेवटी सायली म्हणाली, "काका, काहीतरी म्हणून दाखवाल?"

काकांनी डोळे मिटले आणि एक सूक्त म्हणायला घेतलं. ते मी रोज पहाटे माडीवर अंथरुणात ऐकते. अर्थ कळत नाही, पण चाल पाठ आहे, कुठे चढतं आणि कुठे उतरतं ते झोपेतही कळतं. त्यामुळे मधली एक अख्खी ओळ आली नाही, हे मला लगेच कळलं. काका तसेच पुढे गेले आणि शांतपणे शेवटापर्यंत पोचले. सायली भारावून गेली होती. तिला काय कळणार!

लॅपटॉप मिटल्याबरोबर मी म्हटलं, "काका, एक ओळ राहिली."

"राहिली तर राहिली."

"अहो, तिला सांगते, तेवढं परत घेईल."

"काही सांगायचं नाही तिला." आणि त्यांनी उठून पंखा लावला.

मला रागच आला. दोन आठवडे लगदा खाल्ला, पान सोडलं, गल्लीला वेठीला धरलं, आणि ज्यात आयुष्यात कधी चुकले नाहीत तिथेच चूक? तीही सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाणारी? दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. लाटणं धुऊन पोळ्यांना लावलं आणि रविवारची वाट बघत बसले.

रविवारी पावणेआठला मला खाली बोलावणं आलं. काका भिंतीला टेकून बसले होते. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, जणू खरंच कुणाकडे जायचं आहे. आठ वाजता पलीकडे मोबाइल वाजला. सायलीचा आवाज आला. "आज आपल्याबरोबर आहेत काशीचे दिनकरशास्त्री..."

आवाज बंद झाला.

मी काकांकडे बघण्याचं टाळलं. गल्लीतून कुणीतरी 'महादेव' म्हणत गेलं. मिनिटभर काहीच नाही. उठून चहा ठेवावा असं वाटलं. मग भिंतीतून पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा हळू. मधूकाका ऐकत होते. काकांच्या लहानपणाच्या गोष्टी, घाटावरच्या उड्या, वडिलांचा दरारा, सगळं. काका स्वतःचा आवाज भिंतीतून ऐकत होते आणि त्यांचे ओठ कोरडे पडले होते. तासभर आम्ही दोघं हललो नाही.

सूक्त सुरू झालं. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. 

"आता बघ," ते कुजबुजले. "आता येईल."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस चुकला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याने भावाला चारचौघांत पाडलं होतं. आता सगळ्या जगासमोर स्वतः पडून तो भावाच्या थांबवण्याची वाट बघत होता. भावाने नाही थांबवलं तर पुढे करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं.

ओळ आली नाही. सूक्त पुढे गेलं.

"थांब! थांब!" भिंतीपलीकडे मोबाइल आपटल्याचा आवाज झाला. "दादा, ओळ गाळलीस!"

काकांनी डोळे मिटून घेतले. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"कुठली रे?" त्यांनी ओरडून विचारलं.

मधूकाकांनी ती ओळ म्हटली. खणखणीत, एकेक स्वर जागच्या जागी. संथा देताना गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य मागून दोनदा. दिनूकाका भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले आणि त्यांनी धाकट्या भावामागून ती ओळ दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला.

"आवाज बसलाय तुझा," भिंतीतून आलं. "पाणी पी आधी."

काका निमूटपणे उठले आणि पाणी प्यायले.