समुद्र पाहिल्याचा दाखला

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती आणि त्या शाळेत समुद्र शिकवला जात असे. जंगलापासून समुद्र नेमका किती लांब होता, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. तो कोणीही पाहिलेला नव्हता, याबद्दल मात्र आहे.

भूगोलाला साळिंदर गुरुजी होते. बावीस वर्षे ते फळ्यावर भूमध्य सागर काढत आले होते. दरवर्षी पहिल्या बाकावरून तोच प्रश्न येई, "गुरुजी, समुद्र किती खारट असतो?"

"पुरेसा," गुरुजी म्हणत. आणि घरी जाईपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटत राही.

एके दिवशी वनपंचायतीचा हुकूम निघाला. जे प्रत्यक्ष पाहिले नाही, ते यापुढे कोणी शिकवू नये. पाहिल्याचा दाखला जूनपर्यंत सादर करावा. अन्यथा जागा रिकामी समजण्यात येईल.

नोकरी जाण्याची भीती गुरुजींना वाटली, हे खरे. पण मनातून ते हरखलेही. आता निदान त्या प्रश्नाचे उत्तर तरी मिळणार होते.

त्याच उन्हाळ्यात टिटवीताईंची सहल भूमध्य सागराकाठच्या एका शहराला निघाली. तेथे वर्षातले तीनशे दिवस लख्ख ऊन पडते, असे माहितीपत्रकात म्हटले होते. साळिंदर हा निशाचर प्राणी आहे, हे माहितीपत्रकात नव्हते. चार दिवस, अकरा स्थळे, अखेरीस दाखला.

"आणि जेवण आपलंच हं!" टिटवीताईंनी बजावले. "कंद, मुळं, सगळं बरोबर नेतोय. तिथल्या कशालाही तोंड लावायची वेळ येऊ देणार नाही."

हे ऐकताच भराभर नावे आली.

निघताना टिटवीताईंनी प्रत्येकाच्या डोक्यावर सहलीची पिवळी टोपी घातली. बसमध्ये गुरुजींच्या शेजारी रानडुक्कर दंताजीराव होते. खिडकी अर्थातच दंताजीरावांकडे होती.

"गुरुजी, ते काटे आवरा जरा. मांडीला टोचतायत."

"क्षमा करा. वळण आलं की आपोआप उभे राहतात."

"मग वळणाकडे बघूच नका ना!" असे म्हणून दंताजीराव झोपले.

मुलांनो, टिटवीताईंचा कार्यक्रम अत्यंत शिस्तशीर होता. प्रत्येक स्थळापुढे तीनपैकी एक शब्द लिहिलेला असे: आतून, बाहेरून किंवा बसमधून. जुना किल्ला बाहेरून होता. घंटाघर बाहेरून. संगमरवरी कारंजे बसमधून. ऑलिव्ह तेलाच्या कारखान्याचे दुकान मात्र आतून होते, आणि तेही दीड तास.

गुरुजींनी यादीत समुद्र शोधला. तो सातव्या क्रमांकावर सापडला. बसमधून.

तिसऱ्या दिवशी तो आला. "पिवळ्या टोप्या, उजवीकडे बघा! समुद्र! बघितला? झाला?" टिटवीताई ओरडल्या. गुरुजींनी मान उंचावली, तेव्हा त्यांना दंताजीरावांचे पोट दिसले, आणि पोटापलीकडे बसची निळी काच.

"ताई, दोन मिनिटं थांबता येईल का? जरा चाखायचं होतं."

"काय चाखायचं होतं?"

"समुद्र."

"गुरुजी, तो जेवणात धरलेला नाही."

दंताजीराव जागे झाले. "येऊन गेला का? मला झोपेतच कळलं. आपल्या डोहासारखाच आहे, उगाच मोठा केलाय."

चौथ्या दिवशी सर्व टोप्या तेलाच्या दुकानात शिरल्या. गुरुजी दारातच थबकले. रस्त्यापलीकडे दगडी पायऱ्या होत्या, आणि पायऱ्या जेथे संपत तेथे काहीतरी हलत होते. बावीस वर्षांत गुरुजींनी कधी रांग सोडली नव्हती. ती त्यांनी सोडली.

काठावरच्या उलट्या होडीवर एक म्हातारा पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"फिरायला आलात?"

"शिकवायला. म्हणजे, मी शिक्षक आहे."

"मग टोपी काढा. ती फक्त फिरायला आलेल्यांना घालतात."

टोपी सतरा काट्यांत रुतली होती. ती काढायला वेळ लागला. तेवढ्यात लाट आली आणि गुरुजी पाठीपर्यंत भिजले. पाणी आधी खारट लागले, मग किंचित कडू, आणि मग ती चव घशात बराच वेळ रेंगाळली. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि उभा असलेला प्राणी उभ्या जागी खचतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. गुरुजी मोठ्याने हसले. आपण किती वेळ हसलो, हे त्यांना बसचा भोंगा ऐकल्यावरच कळले.

"सगळी बस तुमच्यासाठी खोळंबलीय! कुठे होतात?"

"समुद्रात."

"समुद्र कालच झाला, गुरुजी!" टिटवीताई कडाडल्या. "आज कारखाना होता. तो तुमचा राहिला. अकरा स्थळं पूर्ण झाल्याशिवाय समुद्राचा दाखला मिळत नाही."

जूनमध्ये पंचायत बसली. सरपंच गवा सहृदय होता.

"दाखला?"

"नाही. पण मी समुद्र चाखला आहे."

"चाखल्याचा दाखला?"

"नाही."

"तुमच्याबद्दल आदरच आहे, गुरुजी," गवा हळहळला. "पण असं चालवून घेतलं, तर उद्या कोणीही ओला होऊन येईल."

जागा रिकामी झाली आणि दंताजीरावांनी भरली. पहिल्याच तासाला त्यांनी शिकवले, "समुद्र हा निळ्या काचेमागे असतो. तो बसच्या उजव्या बाजूला असतो. तो दोन मिनिटं असतो."

"सर, किती खारट असतो?"

दंताजीरावांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "यात तसं काही लिहिलेलं नाही. म्हणजे नसतो."

खिडकीबाहेर चिंचेखाली बसलेल्या गुरुजींचे काटे ताठ उभे राहिले. त्यांच्या टोकांवर अजून पांढरे मीठ होते. मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरचे सशाचे पिल्लू हळूच आले आणि त्याने एक काटा चाटला. त्याचे तोंड वेडेवाकडे झाले.

"गुरुजी! खारट आहे! आणि नंतर कडू!"

बावीस वर्षांचे उत्तर अखेर पोहोचले होते. गुरुजींचे डोळे भरून आले.

परीक्षेत पिल्लाने 'समुद्र खारट नसतो' असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि ते जंगलात पहिले आले.

तात्पर्य: मुलांनो, सत्य चाखण्यास कोणाचीही हरकत नसते, मात्र तत्पूर्वी तेलाच्या कारखान्याची भेट उरकून घ्यावी.