एका कळीला तीन टाके

नऊ दिवस घरात एकही फळ आणायचं नाही, एवढाच तो निर्णय होता. नकाशेबुवांना तो इतका साधा वाटला की त्यांनी तो सकाळचा चहा पिता पिताच जाहीर केला. (मोठे निर्णय ते पाठ वळवून जाहीर करत, म्हणजे बायकोचा चेहरा दिसत नाही.)

बुवा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. 'नकाशेबुवा' हे नाव ठेवलं ऑर्किडप्रेमी मंडळानं. त्या मंडळात ते तीन वर्षं 'पाहुणे' होते. पाहुण्यानं व्याख्यानं ऐकावीत, सहलीला यावं, परतताना बसमधली डोकी मोजावीत. सभासद व्हायचं असेल, तर मात्र आपल्या घरी, आपल्या हातानं एका तरी ऑर्किडला फुलवून दाखवायचं आणि मंडळानं घरी येऊन ते पाहायचं, असा नियम होता. बुवांच्या मागून आलेले दोन पाहुणे सभासद होऊनही गेले. त्यातला एक तर झाडाला पाणी घालायलाच विसरत असे.

आणि आता बुवांच्या झाडाला कळी आली होती. एकच, पण कळी! पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाची सहल त्यांच्या घरी यायची होती. तोवर ती पुरती उमलली नाही तरी चालेल, उमलायला टेकलेली असली म्हणजे पुरे, असं अध्यक्षबाईंनी मोठ्या मनानं कबूल केलं होतं.

"कालच्या व्याख्यानात सांगितलं," बुवा म्हणाले, "पिकलेल्या फळांतून एक वायू निघतो. त्यानं कळ्या गळतात."

"आणि आईचं केळं?" बायकोनं विचारलं. ती इस्पितळात परिचारिका होती आणि कुणाचं औषध केव्हा, हे तिला झोपेतही माहीत असे. बुवांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत आणि गेली कित्येक वर्षं दुपारची गोळी केळ्याबरोबर घेत.

"ते... जिन्यात बसून खाता येईल."

"माझी आई जिन्यात बसून केळं खाणार? अहो, तुम्ही घरात राहता की कुंडीत?"

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "नऊ दिवसांचा तर प्रश्न. घरात पहिलटकरीण असली तर आपण जपतोच ना?"

झालं. पहिलटकरणीचे लाड सुरू झाले. पंखा बंद. तळण बंद. कुंडी सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी बोळात, संध्याकाळी टेबलावरच्या दिव्यापाशी. दुपारच्या हलवाहलवीसाठी बुवा जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत घरी येत (आणि जेवायचे राहून जात). प्रत्येक वेळी कुंडी खाली ठेवली की खिशातली सहा इंची पट्टी काढून कळीला लावत आणि डायरीत नोंद करत. 'सकाळी सात वाजून दहा : अठरा मिलिमीटर. दुपारी दीड : अठरा मिलिमीटर. संध्याकाळी सात : अठरा मिलिमीटर, परंतु तजेला अधिक.'

"माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढी विचारपूस झाली नव्हती," बायको म्हणाली.

"त्या वेळी पट्टी नव्हती माझ्याकडे," बुवा म्हणाले. ते खरंच होतं.

रविवार उजाडला. आठ वाजता बुवा खुर्च्या पुसत असताना आतून सासूबाईंची हाक आली.

"जावईबापू, जरा येता का? आधी बसा मात्र."

सासूबाई कुंडीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर कळी होती. गोळी धरावी तशी धरलेली.

"मी हात लावला नाही हो. खाली पडलेली दिसली." मग त्यांनी कुंडीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत शिवणाच्या डब्याआड दोन केळी होती. "गोळी नुसती घेतली की पोटात कसंतरी होतं. लेकीला सांगितलं असतं तर ती तुमच्याशी भांडली असती. म्हटलं, दार बंद असतं, कळीला काय कळतंय. माझंच चुकलं. तीन वर्षं तुमची... माझ्या एका केळ्यापायी."

बुवांना रागवायचं होतं. मनाशी पहिलं वाक्यही तयार होतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तळहातावरची कळी घरंगळायला टेकली होती, आणि या दोहोंपैकी कोणाला आधी सावरावं हे त्यांना कळेना.

"अहो, गळायचीच होती ती," ते म्हणाले. (आयुष्यात पहिल्यांदाच मोजमाप न घेता केलेलं विधान.)

सासूबाईंनी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले होते. त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि शिवणाचा डबा काढला.

"हिरवं रेशीम आहे माझ्याकडे. सुई तेवढी ओवून द्या. दिसत नाही हल्ली."

"हे म्हणजे फसवणूक होईल..."

"दहाला लोक येणार ना?"

बुवांनी सुई ओवली.

दहाला बस आली. बावीस माणसं खोलीत शिरली आणि कळीसमोर अर्धवर्तुळ करून उभी राहिली. अध्यक्षबाई दातांच्या निवृत्त डॉक्टर होत्या. फुलं त्या अजून दातांच्याच आरशानं तपासत. त्यांनी तो इवलासा आरसा कळीमागे सरकवला. सासूबाई दारात पदर मुठीत धरून उभ्या होत्या.

"हे तीन टाके कुणी घातले?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी," बुवा म्हणाले.

"तुम्ही?"

"मीच. सकाळी गळाली. मोह झाला."

"खोटं बोलताहेत ते!" सासूबाई पुढे आल्या. "त्यांना साधं बटण लावता येत नाही. टाके माझे. आणि कळी पाडली तीपण मीच. कपाटात केळी ठेवली होती."

"त्यांचा काही संबंध नाही, मी..."

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू! सभासद व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय. पण तुम्हाला रडवून नको."

बावीस माणसं कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे पाहत राहिली. बऱ्याच दिवसांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी आरसा पुसला. "केळी किती?"

"दोन."

"दार बंद?"

"बंद."

"मग केळ्यांना बिचाऱ्यांना सोडा. कुंडी हलवत होता का कुणी?"

बुवांनी डायरी पुढे केली. अध्यक्षबाईंनी पानं उलटली. नऊ दिवस, रोज तीन वेळा.

"रोज तीन ठिकाणी फिरवली? आणि प्रत्येक वेळी पट्टी लावली?"

"अगदी हळूच," बुवा म्हणाले.

"अहो, कळी असताना हिला जागची हलवायची नसते. तिला धड उजेड कुठला तेच कळेना. कंटाळून उतरली ती." त्यांनी डायरी मिटून परत दिली. "सभासदत्वाचं पुढच्या वर्षी बघू."

बायकोनं कपाटातलं एक केळं सोलून आईच्या हातात दिलं. गोळीची वेळ दुपारची होती. पण सासूबाईंनी ते तिथेच, बावीस ऑर्किडप्रेमींच्या देखत, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

बस मात्र निघेना. अध्यक्षबाई पुन्हा कुंडीपाशी वाकल्या होत्या. "एवढ्या नाजूक देठातून सुई गेली आणि कुठे चिरलं नाही? आम्ही प्रदर्शनात फुलांचे दांडे काठीला बांधतो, तर निम्मे मोडतात. आजी, आम्हाला शिकवाल?"

पुढच्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात सासूबाईंचं व्याख्यान झालं. विषय, 'दांडा बांधावा कसा'. मंडळात आजवर एवढी गर्दी झाली नव्हती. फलकावरची सुंदर अक्षरं बुवांनी स्वतः काढली होती, चारी बाजूंना नेमका पाच सेंटीमीटर समास सोडून. सासूबाई मधोमध बसल्या होत्या आणि शेजारी स्टुलावर बसून बुवा एकामागून एक सुया ओवून देत होते.

शेवटी एका नव्या पाहुणीनं विचारलं, "आजी, हे तुमच्याबरोबरचे कोण?"

"हे आमचे जावई," सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तीन वर्षं झाली, अजून फुलले नाहीत. पण पानं बघा, किती छान आहेत."