रविवारचा कच्चा माल

थोरल्याला एकही गोष्ट वेळेवर ठरवता येत नाही, ही आईंची जुनी तक्रार. त्याची नोकरीच तसली. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो, तो गाभा कुठली तरी लांबची मंडळी सुधारून दर रविवारी पाठवतात, तोही कच्चाच. त्यातला कितवा घ्यायचा, नीट बांधून लोकांना कधी द्यायचा, हे याने ठरवायचं. आणि याचं आपलं एकच, "अजून नको."

"घ्यायचा नाही तर मागवतोस कशाला?"

"चौथ्या-पाचव्यापर्यंत थांबावं लागतं गं आई. पहिल्यात हमखास काहीतरी मोडतं."

इकडे आपल्या धाकट्या बहिणीशी दोन वर्षांचा अबोला मिटवायला आईंनी सोमवार धरले होते. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दोघींनी समोरासमोर बोलायचं. पहिल्या सोमवारी चेहरा आला, आवाज नाही. बहिणीने सुनेला फोन केला, "तुझी सासू नुसतं तोंड हलवते. मनातल्या मनात शिव्या घालते की काय?" दुसऱ्या सोमवारी आवाज आला, चेहरा काळा. "आता तोंडही दाखवणार नाहीस?" म्हणून बहिणीने बंदच केलं.

आईंनी कॅलेंडरवर दोन फुल्या मारल्या आणि सुनेवर नजर ठेवली.

"अहो आई, मी वरून फडकं मारते फक्त!"

"आत शिरलो म्हणून चोर कधी सांगतो का?"

शनिवारी त्यांनी सुनेला फडकं बंद केलं आणि कीबोर्डवर आपला एक पांढरा केस आडवा ठेवला. सोमवारी सकाळी केस गायब. सापडला तो थोरल्याच्या बाहीवर.

"कच्चा माल माझ्या कॉम्प्युटरवर घालतोस?"

"कुठेतरी करून बघायलाच हवं ना. लोकांचं मोडलं तर?"

"म्हणजे मी लोकांत नाही!"

थोरल्याने जुना, पक्का गाभा परत बसवला. फुल्यांचं कॅलेंडर मात्र ऑफिसात नेलं. ते बघून साहेबांनीही पाचव्यापर्यंत थांबायचं ठरवलं.

संध्याकाळी चेहरा लख्ख, आवाज खणखणीत. आईंनी दार लावून घेतलं. पाच मिनिटं हसणं ऐकू आलं. दहाव्या मिनिटाला माहेरच्या बांगड्यांचा विषय निघाला. विसाव्याला शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

आई लालबुंद होऊन बाहेर आल्या.

"आता काय मोडलं?" थोरल्याने भीतभीत विचारलं.

"काही मोडलं नाही, तेच तर! तिचा शब्दन् शब्द ऐकू आला. अरे, तो पहिलाच बरा होता. चेहरा दिसतो, आवाज बंद. पाचव्याची वाट कसली बघतोस? तोच बांध आणि लोकांना दे. बहिणी घरोघरी असतात!"