मंडईतल्या शांततेचा छडा

गोंदिया जिल्ह्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही नव्हता, असं काही लोक म्हणतात. त्यांच्यावर माझी नजर आहे. मी लखनलाल टेंभरे. दृष्टी घारीची, नाक कुत्र्याचं आणि मेंदू माझा स्वतःचा. कचारगडच्या गुहेत हरवलेली शेळी मी गुहेत पाऊलही न टाकता, केवळ तिच्या स्वभावावरून शोधून काढली होती. ती गोठ्यात होती. सोपं होतं, असं शेळीवाले नंतर म्हणाले. नंतर सगळंच सोपं असतं.

तर दिवाळी झाली आणि आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी आमचं गाव. मंडईला पाहुणे येतात, जावई येतात, भजी तळली जातात आणि संध्याकाळी मोठ्या भोंग्यांवर नाच होतो. यंदा तिथे माझी पुतणी योगेश्वरी बसली होती. ती लॅपटॉपवर स्वतः संगीत बनवते. त्यात गाणं नसतं, गाणारा नसतो; ठोका असतो आणि त्याच्याभोवती घुमणारे आवाज. घरच्या माळ्यावर बसून ती कित्येक वर्षं हेच करत होती.

मुंबईच्या एका इंग्रजी संगीत-मासिकाचा वीरेंद्र नावाचा समीक्षक आमच्या जंगलात वाघ बघायला आला होता. वाघ दिसला नाही म्हणून तो मंडईत आला. परत जाऊन त्याने योगेश्वरीवर मोठा लेख लिहिला. ती मोबाईल घेऊन धावत माझ्याकडे आली आणि आपल्या भाषेत करून वाचू लागली.

लेखात आधी जंगल होतं. मग न दिसलेला वाघ. मग आमचे बैल. आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. मग तिचे ‘मातीने माखलेले हात’. तिने मेंदी लावली होती. आणि शेवटी: ‘अचानक तिने सगळा नाद पुसून टाकला. त्या अथांग शांततेत एका वृद्धाचा स्वर उमटला. मरणाऱ्या तळ्याचा जणू विलाप! आजचं सर्वांत धाडसी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे ही शांतता.’

“आणि संगीताबद्दल?” मी विचारलं.

“एक ओळ नाही.”

“शांतता तरी चांगली केलीस.”

“मोठेबाबा, मी केलीच नाही! माझ्या कानावर हेडफोन, डोळे मिटलेले. लॅपटॉप बॅटरीवर चालून राहिला होता. मले तर सलग आयकू येत होतं!”

मुंबईच्या एका महोत्सवाने लेख वाचून तिला बोलावलं होतं. पण ती शांतता हवीच, आणि ती कोणत्या यंत्राने होते ते शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कलाकाराला बोलावू, असं त्यांचं म्हणणं.

“मोठेबाबा,” ती हळूच म्हणाली, “तिथं माझं काम कोणीतरी आयकन. मले तिथवर पोचवा.”

मी त्या संध्याकाळी पहिल्याच रांगेत होतो. पण कानात कापूस होता. गुप्तहेराला कान जपावे लागतात.

तपास सुरू झाला. पहिला संशयित हेमेंद्र, कारण दरवर्षी मंडईत त्याचा डीजे असतो आणि यंदा नव्हता. मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

“आवाज गेला तेव्हा तू कुठे होतास?”

“नाचून राहिलो होतो, काकाजी. तुमच्याच पायावर पाय पडला नं!”

पायाचं बोट अजून सुजलेलं होतं. हेमेंद्र सुटला.

मग मी भोंग्यांची तार तपासली. तिच्यावर दातांचे ठसे मिळाले. मी उंदरांचा एक मोठा कट उघडकीला आणणार, तेवढ्यात आठवलं की मंडईच्या सकाळी ती तार दातांनी सोलून द्यायला मीच मदत केली होती. शेवटी मी शास्त्राकडे वळलो. इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की हवा जड होते आणि जड हवेत आवाज खाली बसतो. म्हणून मी मंडईच्या जागेवर जमिनीला कान लावून पडलो. उन्हात बराच वेळ. लोकांनी पाणी आणलं.

घरी माझी बायको कुंता सुपात तांदूळ पाखडत होती.

“उन्हात कायले लोळून राहिले?”

मी प्रकरण सांगितलं. सूप थांबलं नाही.

“भोंग्याच्या जनरेटरवर बकाराम बसला होता नं, त्यानंच तो बंद केला होता.”

“काऊन?”

“जावयाचा फोन आला. जनरेटरच्या आवाजात आयकू येईना. जावई तळ्यावर मासे घेऊन राहिला होता. मरळ आणू का झिंगे, इचारून राहिला. बकाराम म्हणे मरळ आण. मंग म्हणे झिंगे आण. मंग पुन्हा मरळ. सगळ्या मंडईनं आयकलं.”

“सगळ्यांना माहीत होतं? मग कुणी बोललं का नाही?”

“तुमी इचारलं कोणाले? तुमी तर तार चाटून राहिले होते.”

बकारामने लगेच कबूल केलं. “जावयाचा फोन कापू का मंग? पहिल्यांदा मंडईले आला तो!”

यावर कुठल्याही न्यायालयात उत्तर नाही.

योगेश्वरीने महोत्सवाला खरं ते कळवलं: शांतता बकारामकाकांची, विलाप मासळीचा. त्याच दिवशी उत्तर आलं: ‘आपली खट्याळ गूढता भावली. बकारामजींनाही आणा.’

मुंबईत बकाराम रंगमंचावर खुर्चीत बसला. एक हात आवाज बंद करायच्या बटणावर, फोन खिशात. लोक श्वास रोखून शांततेची वाट पाहत राहिले. पण फोन वाजेना, कारण सासरे मुंबईला निघाले म्हणून तिलक जावईही आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता. बकाराम वरून त्याला खुणेने ‘जेवला का?’ विचारत होता. वाट पाहून लोक थकले आणि नाइलाजाने ऐकू लागले. मग नाचू लागले.

वीरेंद्रचा नवा लेख आला. ‘या वेळी तिने शांततेचाही त्याग केला.’ बकारामच्या बोटावर अख्खा परिच्छेद.

“पुन्हा एक ओळ नाही,” योगेश्वरी म्हणाली आणि मोबाईल पालथा ठेवला.

“थांब,” मी म्हणालो. “मुंबईत मी त्या वीरेंद्रच्या शेजारीच बसलो होतो. कापूस न घालता. त्याने लिहायचं थांबवलं होतं. बूट काढला होता आणि उजवा पाय आपटत होता.”

“कोणत्या ठोक्यावर?”

मी पायाने जमिनीवर वाजवून दाखवलं.

“तो भाग मी काढून टाकणार होते,” ती म्हणाली आणि माळ्यावर पळाली.

थोड्या वेळाने वरून तोच ठोका सुरू झाला. मी सवयीने कापूस शोधला. नाहीसा! मी संशयितांची नावं मनात जुळवू लागलो, इतक्यात कुंता म्हणाली,

“वाती केल्या मिनं त्याच्या. बसा आन आयका.”