समीक्षाचं नकारपत्र

बारावीच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले, तेव्हा तानाजीरावांनी समीक्षाचा मोबाइल कपाटात टाकून कुलूप लावलं. त्यामुळे सरावाची उत्तरं सरांना पाठवायची तर तिला वडिलांचाच फोन घ्यावा लागे. मंगळवारी पेपर होता चिटणिसाच्या कार्यपद्धतीचा, म्हणजे कंपनीच्या चिटणिसानं कुणाला कसं पत्र लिहावं याचा. त्या शनिवारी तिनं शेअरसाठी अर्ज करणाऱ्याला नकार कळवणारं पत्र लिहिलं. ते दोन पानं झालं. दोन्ही पानांचे फोटो काढून तिनं भाऊसो सरांना पाठवले आणि ती अर्थशास्त्राकडे वळली.

तानाजीरावांच्या फोनमध्ये भाऊसो दोन होते. एक हे सर. दुसरे कोरेगावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा जयराज महिन्यापूर्वी विश्रामबागेत तानाजीरावांच्या घरी येऊन त्यांच्या थोरल्या मुलीला, रेश्माला बघून गेला होता, आणि त्यानंतर तिकडून होय नाही की नाही नाही. पत्र गेलं कोरेगावला. त्यातही कंपनीचं नाव असलेलं पहिलं पान रेंजअभावी अडकलं. पोचलं ते दुसरं: ‘आपल्या अर्जाचा मंडळाने काळजीपूर्वक विचार केला. परंतु अपेक्षेपेक्षा जास्त अर्ज आल्यामुळे आपला अर्ज स्वीकारता येत नाही, हे कळविण्यास खेद वाटतो.’

तानाजीराव धरून चार भाऊ. चौघांची बैठक बसल्याशिवाय त्या घरात शेवयाही वळल्या जात नाहीत, हे कोरेगावपर्यंत माहीत होतं. मंडळ म्हणजे कोण, हा प्रश्न भाऊसोंना पडलाच नाही.

संध्याकाळी चहा घेताना तानाजीरावांनी फोन उघडला. ‘पत्र मिळाले. निर्णय मान्य. जय हिंद.’

“समे, ह्ये कुणाला धाडलंस?”

“सरांना.”

“सर कवापास्नं जय हिंद म्हणाय लागलं?”

समीक्षानं फोन बघितला आणि कोरेगावच्या भाऊसोंचं नाव वडिलांना दाखवलं. तानाजीरावांनी लगेच कोरेगावला फोन लावला. “आवं, काय मनाला लावून घेऊ नका,” म्हणून भाऊसोंनी तो ठेवूनही दिला.

“फोनवर असलं मिटत न्हाई,” आई म्हणाली. “उद्या समोर जाऊन सांगायचं.”

“माझा मंगळवारी पेपर हाय.”

“मग पुस्तक घे संगं. दाखवायला पायजेच. रेश्मा बी येईल.”

“रेश्मा कशाला पण? बरं दिसतं का ते?” तानाजीराव म्हणाले.

“मग गाडी कोण चालवणार? तुमी?” आईनं विचारलं. तानाजीरावांना गाडी येत नव्हती.

रविवारी आईवडील आणि दोघी मुली अशी चौघं कोरेगावला पोचली. पोहे आले, चहा आला. समीक्षानं पुस्तकातला तो धडा उघडून दिला. भाऊसोंनी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला.

“म्हंजे तुमचा नकार न्हाईच?”

“न्हाई, न्हाई. पोरीचा सराव हाय नुसता. आमी तर तुमच्या निरोपाची वाट बघतोय.”

“व्हय का,” भाऊसो म्हणाले. त्यांचा चेहरा मंजूर झालेली रजा रद्द झालेल्या माणसासारखा झाला. त्यांनी बायकोला पुन्हा चहा टाकायला सांगितलं. तो संपल्यावर आणखी एकदा सांगितलं.

आतल्या दारात जयराज उभा होता. “दादा, सांगा की आता,” तो वडिलांना म्हणाला.

“सांगतो की रं. चहा तर होऊ दे.”

तिसरा चहाही झाला. आता सांगायला पाहिजे होतं. सीमेवर वीस वर्षं काढलेले भाऊसो दोनदा खाकरले, पण पुढं काही येईना. शेवटी त्यांनी पुस्तक फिरवून तानाजीरावांच्या पुढं सरकवलं, ‘खेद वाटतो’ या ओळीवर बोट ठेवलं आणि मान खाली घातली.

तानाजीरावांनी वाचलं. “ह्ये तर आमच्या पोरीनं लिवलेलंच वाक्य हाय.”

“आता आमच्याकडनं आलंय असं समजा,” भाऊसो म्हणाले. “पोरगं त्याच दिवशी न्हाई म्हणालं. महिना झाला, मला बोलाय जमंना. काल तुमचं पत्र आलं, तवा कुठं पोटभर जेवलो बघा.”

आईनं पदर सारखा केला. तानाजीराव पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. रेश्मानं मात्र आल्यापासून हात न लावलेली पोह्यांची बशी उचलली, शांतपणे संपवली आणि जयराजच्या आईपुढं केली.

“काकू,” ती म्हणाली, “अजून थोडं वाढा की.”